मोडकी गाडी विकू नका

नमस्कार श्रोतेहो. दुचाकीच्या अपघातात जखमी झालेल्या माणसाने भरपाईचा दावा लावला, की समोरून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: ‘गाडी फार वेगात होती, मला दिसलीच नाही.’ स्वार त्या वेळी रुग्णालयात असतो. त्यामुळे घटनास्थळी नोंद होते ती एकाच बाजूच्या जबाबाची.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. १९८१ च्या त्यांच्या अहवालानुसार, दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलला द्यायची वाट दिली नव्हती. पण अशा आकडेवारीने तुमच्या अपघातातला दोष ठरत नाही. तो ठरतो रस्त्यावरच्या खुणांवरून आणि हाताशी राहिलेल्या वस्तूंवरून.

वेगाचंच घ्या. रस्त्यावर टायर घसरल्याची १५ मीटर लांब खूण आहे आणि तिच्या शेवटी गाडी थांबली, असं समजू. कोरड्या डांबरावर चारही चाकं अडकून घसरणाऱ्या कारसाठी घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो याचं माप, साधारण ०.७ धरतात. तोच दुचाकीला लावला तर वेग निघतो ताशी सुमारे ५२ किलोमीटर. पण ती खूण एकट्या मागच्या चाकाची असेल, तर ब्रेकचा जोर बराच कमी असतो. गुणांक ०.४ धरला की वेग येतो सुमारे ३९. पुढचा ब्रेकही दाबला असेल, तर खरा आकडा सहसा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. हा फरक तुमचा दोष ठरवू शकतो, म्हणून खूण कुठून सुरू झाली, कुठे संपली आणि एकाच चाकाची आहे का, हे फोटोत दिसलं पाहिजे. शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच दिवशी कुणाकडून तरी फोटो काढून घ्या. पाऊस आणि रहदारी या खुणा फार टिकू देत नाहीत.

आता गाडी. ती दुरुस्त करू नका, धुऊ नका, भंगारात देऊ नका. विमा कंपनीच्या ताब्यात असेल, तर तपासणी होईपर्यंत ती जशीच्या तशी ठेवावी, असं लेखी कळवा. ‘दिवा बंद होता’ या आरोपाचं उत्तर अनेकदा हेडलाइटमध्येच असतं. हॅलोजन बल्बची पेटलेली तार तापून मऊ झालेली असते, जोराच्या धडकेने ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. थंड तार ठिसूळ असते, ती तुटलीच तर सहसा न ताणता तुटते. तज्ज्ञ हे ओळखतो, पण बल्ब बदलला की सगळं गेलं. एलईडी दिव्यात अशी तार नसते. तिथे आसपासच्या सीसीटीव्हीवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्यांचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं. विनंती लगेच आणि लेखी करा.

हेल्मेट आणि फाटलेले कपडेही जपा. कपडे ओले असतील तर वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. हेल्मेट नव्हतं म्हणून दावाच बुडतो, असं अनेकांना वाटतं. जिथे दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करतात, तिथे प्रश्न असतो हेल्मेटने नेमकी कोणती इजा टळली असती हा. मोडलेल्या पायाचा त्याच्याशी काय संबंध? तो मुद्दा वकिलाने ठामपणे मांडायला हवा.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत प्रत्येक दुखणं सांगा, मोठ्या जखमेपुढे किरकोळ वाटलं तरी. पडताना हात टेकतो आणि मनगटातलं स्कॅफॉइड हाड मोडतं. हे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत निसटू शकतं, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. महिनाभर कागदावर मनगटाचा उल्लेखच नसेल, तर ही इजा नंतरची आहे असा युक्तिवाद होणारच. डोक्याला मार लागला असेल, तर विसरभोळेपणा, चिडचिड, झोपेतले बदल यांची नोंद घरच्यांनी तारखेसह ठेवावी. जखमीला स्वतःला ते जाणवतंच असं नाही.

विमा कंपनीचा माणूस फोनवर वेग विचारेल. अंदाजाने आकडा सांगू नका. आठवत नसेल तर तसंच सांगा. ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीवर सही घाईने करू नका. सळी काढण्याची शस्त्रक्रिया, पुढे येणारा सांध्याचा त्रास, हातचं गेलेलं काम, यांचा हिशेब लागायला महिने जातात, आणि सही झाली की सहसा पुन्हा मागता येत नाही.

मात्र दावा लावायची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते आणि ती उपचारांसाठी थांबत नाही. खड्ड्यामुळे पडला असाल आणि दावा सरकारी यंत्रणेवर असेल, तर पूर्वसूचनेची मुदत कित्येक ठिकाणी त्याहून खूप लहान असते. म्हणून तारीख वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारा आणि त्याच आठवड्यात खड्ड्याची खोली पट्टीने मोजून फोटो काढून ठेवा, कारण तक्रार गेली की तो बुजवला जातो.