‘येतो’ म्हणून गेलेलं विमान

(जुनं चित्रीकरण. त्रिकोणी विमान डोक्यावरून जातं. पोटाची दारं उघडतात.)

२३ मार्च १९९३. ब्रिटिश हवाई दलातून या विमानाचा निरोप. त्याच्या पोटाकडे बघा. याच दारांतून एके काळी अणुबॉम्ब सुटायचा होता. आज दारांच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवलंय, ‘फेअरवेल’. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इंग्रजांत तशी रीत नाही. पण हे विमान मात्र ‘येतो’ म्हटल्यासारखं वागलं.

अव्रो व्हल्कन. क्रमांक एक्सएच ५५८. पहिलं उड्डाण १९६० सालचं. पंखांचा पसारा जवळजवळ चौतीस मीटर, आणि शेपटीचे आडवे पंख नाहीतच. नुसता एक अवाढव्य त्रिकोण. दुसऱ्या महायुद्धातलं लँकास्टर हे बॉम्बफेकी विमान ज्यांनी घडवलं, त्या रॉय चॅडविक यांच्या कागदावर हा आकार उमटला. १९४७ च्या एका चाचणी उड्डाणात ते गेले, व्हल्कन त्यांनी पाहिलंच नाही.

(कॉकपिट. हात फिरतो तसा कॅमेरा फिरतो.)

जागा बघा केवढी. बाहेर एवढं धूड, आणि आत पाच माणसं कोंबलेली. पुढच्या दोन वैमानिकांच्या खुर्च्या संकटात विमानाबाहेर फेकल्या जातात. मागच्या तिघांना ती सोय नव्हती.

(फॉकलंड, १९८२. स्थिरचित्रं.)

अशी १३४ विमानं ब्रिटिश हवाई दलासाठी बनली. अणुबॉम्ब कधी टाकावा लागला नाही. युद्ध पाहायला मिळालं ते अगदी म्हातारपणी, फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेलं, आणि तेही साध्या बॉम्बचं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून फॉकलंडच्या धावपट्टीपर्यंत, वाटेत हवेतल्या हवेत पुन्हापुन्हा इंधन भरत. एकवीस बॉम्बपैकी एक धावपट्टीच्या मधोमध पडला. त्या विमानाचे कप्तान होते मार्टिन विदर्स. नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत. आपलं ५५८ त्या मोहिमेवर नव्हतं.

(ब्रंटिंगथॉर्प. हँगरचं दार सरकतं. दाराचा आवाज दहा सेकंद तसाच राहू दे.)

लेस्टरशायरमधली ही ब्रंटिंगथॉर्पची जुनी लष्करी धावपट्टी. १९९३ च्या त्या निरोपानंतर विमान इथे उतरलं. धावपट्टीच्या मालकांनी ते विकत घेतलं, सोबत सुट्या भागांचा डोंगरही घेतला. कधीमधी चारही इंजिनं चालू करून विमान धावपट्टीवर पळवायचे. उडायला परवानगी नव्हती. पळायचं आणि ब्रेक मारायचा. खुंट्याला बांधलेला बैल जसा दावं ताणून परत फिरतो, तसं.

१९९७ च्या सुमाराला रॉबर्ट प्लेमिंग नावाचा माणूस या धावपट्टीवर आला. संगणकांच्या जाळ्यांच्या धंद्यातला. त्याने विचारलं, हे परत उडवता येईल का? उत्तर साधारण ‘नाही’ असंच होतं, फक्त ते नाही म्हणायला दहा वर्षं लागली आणि शेवटी ते ‘हो’ झालं.

अडचण पत्र्याची नव्हती, कागदाची होती. छोटं जुनं लढाऊ विमान एखादा हौशी श्रीमंत माणूस उडवू शकतो, इंग्लंड-अमेरिकेत तशी बरीच उडतात. पण चार इंजिनांचं, एवढं गुंतागुंतीचं बॉम्बफेकी विमान नागरी आकाशात नेणार असाल, तर विमान वाहतूक प्राधिकरण विचारतं : याची जबाबदारी कोणाची? कुठला भाग किती तास टिकतो, कशाला तडा गेला तर काय, हे लिहून देणारी कंपनी कुठे आहे? मग केंब्रिजच्या मार्शल एरोस्पेसने तांत्रिक जबाबदारी घेतली. मूळ कंपन्यांचे वारस, बीएई सिस्टिम्स आणि रोल्स-रॉइस, सोबत उभे राहिले. यातल्या एकीने जरी हात काढून घेतला, तरी विमान जमिनीवर. हे वाक्य पुढे कामाला येईल.

(इंजिनांचं पॅकिंग उघडतानाचं चित्रीकरण. सावकाश. घाई करू नये.)

आणि हे या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य. ऑलिंपस इंजिनं. याच वंशातलं इंजिन पुढे काँकॉर्डला लागलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ इंजिनं पूर्ण दुरुस्त करून हवाबंद पिशव्यांत घालून ठेवलेली होती, एकदाही न वापरलेली. लग्नातली पैठणी कपाटात तळाशी ठेवतात आणि मग विसरतात, तशी. पिशवी उघडली तेव्हा आत इंजिन नवंकोरं. आठ. चार विमानात, चार हाताशी. जगात याहून जास्त मिळणार नव्हती.

(ऑगस्ट २००५ नंतरची दृश्यं. पत्रे उतरवलेलं विमान, लाकडी माचाण, कंदिलासारखे हातदिवे.)

पैसे? राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीने सत्तावीस लाख पाउंडांहून थोडं जास्त दिलं. बाकीचे जमवायचे. रक्कम फुगत गेली आणि ऑगस्ट २००६ मध्ये हात वर करायची वेळ आली. तेव्हा सर जॅक हेवर्ड या उद्योगपतींनी पाच लाख पाउंड दिले. पण त्याआधी आणि त्यानंतर हजारो लोकांनी दहा-वीस पाउंडांची पाकिटं पाठवली. गणपतीची वर्गणी जमते ना, पावतीपुस्तक घेऊन दारोदार, ते इथे टपालाने चाललं होतं. मला तरी यातच खरी मालकी दिसते. विमान या कामासाठी काढलेल्या न्यासाच्या नावावर होतं, पण प्रत्येक बोल्टला कुणाची तरी पावती फाडलेली होती.

(१८ ऑक्टोबर २००७. निवेदन इथे थांबतं. पळण्यापासून चाकं सुटेपर्यंत फक्त मूळ आवाज.)

चौतीस मिनिटं. चौदा वर्षांनी.

तो आवाज ऐकलात? इंजिनांची ताकद वाढवताना हवा आत शिरते, त्या तोंडातून निघणारी ही हाक. याला इंग्लंडमध्ये ‘व्हल्कन हाउल’ म्हणतात. ऐकणारे रडतात. कशाला रडतात, हे विचारू नये.

प्रदर्शनात उडायची परवानगी मात्र पुढच्या उन्हाळ्यात, जुलै २००८ मध्ये मिळाली. वैमानिकांच्या यादीत मार्टिन विदर्स. फॉकलंडचे.

(डॉनकास्टर विमानतळ, विमानाचं नवं घर, २०१२. टायर, धूर, अग्निशमनाची गाडी.)

नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी निघते ना, ‘खाऊ नका’ लिहिलेली? २८ मे २०१२ ला त्याच जातीच्या, मोठ्या पिशव्या इंजिनाच्या तोंडाशी राहून गेल्या. उड्डाण सुरू होताच आत ओढल्या गेल्या. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. आठातली दोन, एका झटक्यात. कुणाला इजा झाली नाही. महिन्याभरानंतर विमान पुन्हा वर, कारण ती चार पिशवीबंद होतीच.

(२०१५. रांगा, दुर्बिणी, खांद्यावरची मुलं.)

मग ते वाक्य कामाला आलं. मे २०१५ मध्ये न्यासाने जाहीर केलं की तिन्ही कंपन्या तांत्रिक आधार काढून घेणार, हा शेवटचा हंगाम. विमानाच्या प्रकृतीबद्दल तक्रार नव्हती. हे विमान ओळखणारे अभियंते निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी यायला माणसं नव्हती. मला यात कंपन्यांचा दोष फारसा दिसत नाही, पण राग येतो हे खरं.

त्याच ऑगस्टमध्ये शोरमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर हे एक जुनं, खासगी मालकीचं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं, अकरा माणसं गेली, आणि ब्रिटनमध्ये जुन्या जेट विमानांच्या हवाई कसरतींवर बंधनं आली.

(२८ ऑक्टोबर २०१५. डॉनकास्टर. शेवटचं उड्डाण, कप्तान विदर्स.)

हे उतरणं पूर्ण बघा. शेपटीतून निघणारी कापडी छत्री बघा, वेग कमी करण्यासाठी. टायरचा धूर. इंजिनं बंद होतात, एकेक करून.

(आजचं डॉनकास्टर. पावसाळी सकाळ.)

विमानतळ २०२२ मध्ये बंद झाला. प्लेमिंग २०२१ मध्येच गेले. विमान अजून तिथे आहे. तोंडांवर लाल झाकणं आहेत, पिशव्या आत राहिल्या नाहीत ना, हे आता तपासून बंद केलेली.

(वारा. झाकणाची फीत फडफडते. आवाज तसाच.)