घासू नका, आधी बघा

(मडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चांदीच्या जुन्या नाण्याची ग्रेड, म्हणजे ते किती जपलं गेलंय याची प्रत, कशी ठरवायची, हा आजचा विषय. त्याकडे मी येतोच. पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या, कारण ती मांडल्याशिवाय ग्रेडबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही. आपल्या गोव्यातल्या चांदीच्या नाण्यांची जेवढी हानी चोरांनी केली नसेल, तेवढी आपल्या स्वच्छतेने केली आहे.

चवथ जवळ आली की देवाची उपकरणी घासायला निघतात. तांब्या-पितळेला चिंच नाहीतर आमसुलं, चांदीला विभूती किंवा दात घासायची पांढरी पावडर. समई, निरांजनं लखलखतात, छान दिसतात, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण देवघरातल्या डब्यात आजोबांच्या वेळचा रुपया असतो, आणि उपकरण्यांबरोबर तोही घासला जातो. हसलात ना? म्हणजे तुमच्याही घरी घासतात!

फोंड्याकडच्या माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे पोर्तुगालच्या दों लुईश राजाचा 1882 चा रुपिया, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातला चांदीचा रुपया, होता. सासऱ्यांनी कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेला, कित्येक वर्षं कोणी उघडलाही नव्हता. कडेला निळसर करडी छटा, आत येता येता फिकट सोनेरी. कानावरच्या केसांची बट न बट वेगळी मोजता येत होती. मी म्हटलं, "काकू, हे असंच परत बांधून ठेवा, मी भिंग आणि काटा घेऊन येतो." गेलो तर काकूंनी हौसेने तबकात ठेवून नाणं पुढे केलं. आरशासारखं! मुलाने एका दुकानात नेऊन पॉलिशच्या चाकावर धरून आणलं होतं. "आता कसं नव्यासारखं दिसतं की नाही?" काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला बोलवेना.

भिंगाखाली धरलं तर मोकळ्या जागेत बारीक ओरखड्यांची समांतर रांग, आणि ती रांग अक्षरांवरून चढून पलीकडे उतरलेली. अक्षरांच्या कडा गोलावलेल्या. वजन म्हणाल तर जवळजवळ तेवढंच, राजाचं नाकही शाबूत. तरीही त्या नाण्याला आता कोणताही जाणकार ग्रेड देणार नाही. "घासलेलं" एवढंच लिहील आणि चांदीच्या भावाच्या आसपास बोलून मोकळा होईल.

मग गेलं काय? नीट समजून घ्या, सगळी विद्या इथेच आहे. ठसा चांदीच्या चकतीवर जोराने आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा उठतात. नाणं दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्यावरून फिरतात, ते या रेघांमुळे. ही टांकसाळीची झळाळी. ती एकदाच मिळते. पावडरीने रेघा खरवडल्या जातात, पॉलिशने सपाट होतात. चकाकी येते, पण ती सगळीकडे सारखी आणि जागच्या जागी थिजलेली. आणि काळेपणाचं म्हणाल तर हवेतल्या गंधकामुळे चांदीवर बसलेला तो पातळ थर आहे. आपल्याकडच्या दमट हवेत तो यायचाच. खालची झळाळी त्यातून दिसत असेल तर तो दोष नाही, उलट नाण्याला कोणी हात लावला नसल्याची ती बरीचशी खात्री आहे.

आता जरा आडवाटेने जातो. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्याच वर्षी इथे नाणी पाडायला सुरुवात केली. पणजीच्या पोस्टाजवळची कासा द मोएदा, म्हणजे जुनी टांकसाळ, तुम्ही रोज बघता. इथल्या टांकसाळीतली पूर्वीची नाणी हातोड्याच्या घावाची: चकती वेडीवाकडी, ठसा एका बाजूला सरकलेला, एखादं अक्षर उमटलेलंच नाही. पुढे 1878 च्या पोर्तुगीज-ब्रिटिश करारानंतर आपले रुपिये ब्रिटिशांच्या टांकसाळीत यंत्रावर पडू लागले. त्यांच्याच रुपयाच्या मापाचे: 11.66 ग्रॅम, शेकडा 91.7 चांदी. काकूंचा 1882 चा रुपिया त्यातलाच. आता इथल्या हातघडणीच्या नाण्याला त्या यंत्राच्या नाण्याचं माप लावून "झिजलंय" म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो बाजारात रोज होतो. ज्याच्यावर नाक उमटलंच नाही, त्याचं नाक झिजेल कसं? मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता भराभर घेतो.

आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. एकच दिवा, बाजूने येणारा उजेड, मग पाच ते सात पट भिंग. पहिला प्रश्न: उंच भागांवर झीज आहे का? लुईशच्या रुपियावर कानावरचे केस, भुवई, गाल. मागे ढालीवरचा मुकुट आणि किल्ले. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान आणि झग्यावरचा हत्ती. हो, तोच हत्ती जो 1911 मध्ये लोकांना डुक्कर वाटला आणि 1912 ला बदलावा लागला.

दुसरा प्रश्न: सपाट दिसणारा भाग झिजला आहे की उमटलाच नाही? झिजलेला भाग गुळगुळीत आणि निस्तेज असतो. न उमटलेल्या भागावर मूळ चकतीचा खरबरीतपणा राहतो, पुष्कळदा झळाळीही असते. नेमक्या त्याच्या पाठीमागची जागाही बघा. तिथे ठसा खोल असेल तर धातू दोन्हीकडे पुरलेला नसतो.

आकड्यांची मोजपट्टी 1 ते 70. विल्यम शेल्डन यांनी ती 1949 मध्ये अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, आता सगळीकडे चालते. केस सपाट, पण अक्षरं वाचता येतात: व्हेरी गुड, 8 च्या आसपास. काही बटा सुटतात: फाइन, 12. बटा वेगळ्या, फक्त उंचवटे सपाट: व्हेरी फाइन, 20 ते 35. सगळा तपशील आहे आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत झळाळी उरली आहे: एक्स्ट्रा फाइन, 40-45. फक्त अगदी वरच्या टोकांवर करडेपणा: 50 ते 58. साठच्या पुढे झीज अजिबात नाही. तिथे फक्त पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेल्या खाचा, ठशाचा जोर आणि झळाळी यांवरून पुढचा आकडा ठरतो. कडी लावल्याचा डाखाचा डाग, भोक, सराफाचा छाप, घासणं, हे सगळं ग्रेडच्या बाहेरचं. ते वेगळं लिहायचं, आकड्यात लपवायचं नाही. आणि दोन बाजूंची ग्रेड वेगळी आली तर दोन्ही लिहा.

वेळ संपली. नाणी आणली असतील तर त्या टेबलावर या, भिंग आणि काटा ठेवलाय. नाणं दोन बोटांत कडेने धरायचं, नाण्याच्या दर्शनी बाजूंवर बोट नको. आणि कोणी येताना रुमालाने पुसून आणलं असेल, तर आधी सांगा.