एसटी : दोन अक्षरं आणि तीन संसार

मंडळी, एखाद्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात 'एसटी आरक्षणासाठी गर्दी' एवढेच शब्द छापलेत असं समजा. गर्दी कुठे झाली असेल? दिवाळीत स्टँडवरच्या खिडकीशी, की आझाद मैदानावर? मराठी वाचक दोन्हींपैकी काहीही समजू शकतो, कारण आपल्याकडे एसटीलाही दोन अर्थ आहेत आणि आरक्षणालाही. दुसऱ्या कुठल्या भाषेत हा योग इतका नेमका जुळून आला असेल, असं मला वाटत नाही.

आधी गाडीकडे वळू. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी सुटली. एसटी म्हणजे स्टेट ट्रान्स्पोर्ट. महाराष्ट्र राज्य पुढे १९६०मध्ये आलं, तोवर एसटी जवळजवळ बारा वर्षं धावून झाली होती. सरकारी कागदांवर आजही 'रा. प. महामंडळ' असतं, रा. प. म्हणजे राज्य परिवहन. शुद्ध मराठी, अर्थ अगदी स्वच्छ. पण "आमची रा. प. चुकली" असं म्हणणारा माणूस तुम्हाला भेटलाय का? मला तरी नाही. लोकांनी इंग्रजी अक्षरंच उचलली आणि त्यांना मराठी करून टाकलं. एसटी आली, एसटी चुकली, एसटी लागली. म्हणजे तिला लिंग मिळालं, ती स्त्री झाली. मग अनेकवचन मिळालं, एसट्या. खेड्यात तर 'यष्टी' झाली. संस्कृतात यष्टी म्हणजे काठी, म्हणून तर क्रिकेटच्या समालोचनात यष्टिरक्षक असतो. त्या हिशेबाने आमचा कंडक्टरही यष्टिरक्षकच, आणि सणासुदीच्या गर्दीत त्याला खरोखर रक्षणच करावं लागतं!

सीमेवरच्या गावात तर "कर्नाटकची एसटी आली का?" असंही विचारतात. हे ऐकलं की मी ओळखतो, संक्षेप संपला. आता त्यामागे स्टेटही नाही आणि ट्रान्स्पोर्टही नाही. गाडी आहे, बस्स.

दुसऱ्या एसटीचं तसं झालेलं नाही. शेड्यूल्ड ट्राइब, अनुसूचित जमाती. राज्यघटनेचं ३४२वं कलम राष्ट्रपतींना या जमाती अधिसूचित करण्याचा अधिकार देतं, आणि १९५०च्या आदेशाला राज्यवार याद्या जोडल्या आहेत. 'अनुसूचित' हा शब्द त्या यादीपासून आला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत हे लोक नऊ टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे एक कोटीच्या वर होते. भिल्ल, गोंड, वारली, कातकरी, कोकणा असे कितीतरी समाज. आता व्याकरण बघा. "एसटी आली" असं इथे कुणी म्हणत नाही. "एसटीत मोडतो", "एसटीचा दाखला", "एसटीची जागा" असं म्हणतात. ही दोन अक्षरं इथे एका रकान्याचं नाव आहेत. माणसाला हाक मारताना भिल्ल, वारली, पावरा म्हणतात. अर्ज भरताना एसटी लिहितात. आणि या अक्षरांमागचं पूर्ण नाव मात्र कुणी विसरू शकत नाही, कारण दाखला त्या पूर्ण नावानेच मिळतो. प्रांत कार्यालयातून दाखला काढायला एसटीने निघालेल्या मुलाच्या हातात एकाच वेळी दोन एसट्या असतात, एक तिकिटावर आणि एक अर्जावर. त्याचा मात्र कधीच गोंधळ होत नाही. गोंधळ वर्तमानपत्रातल्या मथळ्याचा होतो, कारण मथळ्याला शेजार नसतो.

तिसरी एसटी तालुक्याच्याच दवाखान्यात, ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या कागदावर. "एसटी वर गेलंय" असं डॉक्टर म्हणाले की पळापळ होते. हृदयाच्या आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी म्हणतात. एस संपून टी सुरू होईपर्यंतचा तुकडा म्हणजे एसटी. एरवी तो आधाररेषेच्या आसपास सपाट असतो. रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली की बहुधा तो वर उचलला जातो, आणि मग मिनिटं मोजावी लागतात. इथे मला सगळ्यात जास्त गंमत वाटते, कारण या एसटीचं पूर्ण रूपच नाही! हॉलंडमधल्या लायडनच्या आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञानं १८९५च्या सुमारास ही अक्षरं ठेवली. आधीच्या सुस्त यंत्रावर उमटलेल्या लाटांना त्यानं ए, बी, सी, डी म्हटलं होतं. मग गणितानं त्या दुरुस्त करून नवी रेघ काढली. जुन्या-नव्यात घोळ होऊ नये म्हणून नवीला वर्णमालेतली पुढची अक्षरं दिली. १९२४मध्ये त्याला नोबेल मिळालं. एसचा अर्थ एस आणि टीचा अर्थ टी, बाकी काही नाही.

मला एकदा एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं विचारलं होतं, "सर, एसटीतला एस म्हणजे काय?" मी भाषेचा माणूस, मी आपला कोश काढायला निघालो. शेवटी त्यानंच पुस्तकात पाहून सांगितलं, आरनंतर येतो म्हणून एस.