आधी पांढरं, मग काळं

मोल्डिंग मशीनच्या नोझलमधून पडणारा हा तापलेल्या प्लास्टिकचा लोंदा म्हणजे माल नव्हे. आधीच्या जॉबचा काळा रंग बॅरलमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतून, काढण्यासाठी चांगला प्लास्टिकचा दाणा असा जाळावा लागतो. यालाच पर्जिंग म्हणतात. पहिला लोंदा काळाकुट्ट, पुढचा करडा. हा पांढरा दिसतोय खरा, पण सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, पक्कडीने उलटा करतो. पोटात काळी रेघ आहे. ओता अजून दाणा.

भोसरी एमआयडीसीतलं हे इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं शॉप. डबे, झाकणं, बादल्यांच्या कड्या. पांढऱ्यावरून काळ्यावर जायला फार दाणा लागत नाही, कारण काळ्यात सगळं खपतं. उलट जायचं म्हटलं की हे असं. म्हणून फळ्यावरचा क्रम बघा: नॅचरल (बिनरंगी), पांढरा, पिवळा, लाल, निळा आणि शेवटी काळा. ऑर्डर कुणाची आधी आली, ते इथे दुसऱ्या नंबरावर.

आता चेन पुलीवरचा हा साचा. तो प्लेटनवर, म्हणजे मशीनच्या जाड पाटावर, टेकवायचा, मध्य जुळवायचा, क्लॅम्प आवळायचे, पाण्याच्या नळ्या जोडायच्या. तोवर मशीन गप्प. मग एकदा चढवलेल्या साच्यावर त्याचे सगळे रंग सलग का काढू नयेत?

जपानमध्ये 1969 साली औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटातल्या 1,000 टनी प्रेसचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणून दाखवला. इथे तेवढी साधनं नाहीत. इथे बदलच टाळायचा, आणि त्याला नवं मशीन घ्यावं लागत नाही.

फळ्यावर 8 जॉब आहेत. ते लावायचे 40,320 प्रकार होतात. सेटरची ही तेलकट वही त्यातले बहुतेक आधीच खोडते. उभ्या रकान्यात आधीचा रंग, आडव्यात पुढचा, चौकटीत लागलेली मिनिटं. ऑफिसातल्या एक्सेलमध्ये हेच आकडे गेले, तेही हल्लीच.

या क्रमाची किंमतही आहे: काळ्या मालाच्या गिऱ्हाइकाला थांबावं लागतं, पांढऱ्याचा साठा गोदामात वाढतो, कामगारांचा ओव्हरटाइमही घटलाय.

काळ्यावरून पुन्हा पांढऱ्यावर यावंच लागतं. त्यासाठी काळा जॉब बुधवारी रात्री संपवतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. तेव्हा बॅरलमधला, दाणा पुढे ढकलणारा स्क्रू बाहेर काढून तो असा ब्रशने घासला जातो.