सातारा, साताऱ्याच्याच नावानं

(दृश्य : मेणवलीचा घाट, कृष्णेचं पाणी)

हा वाईजवळच्या मेणवलीचा घाट. 'स्वदेस'मध्ये हे गाव उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'गंगाजल'साठी वाई-सातारा बिहार झाले. कॅमेरा इथं नवा नव्हताच. पण त्याच्यापुढं सातारा उभा राहायचा तो दुसऱ्याच गावाचं सोंग घेऊन.

मे २०१७मध्ये झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली आणि सातारा रोज संध्याकाळी सातारा म्हणूनच घरोघरी दिसू लागला. निर्मात्या श्वेता शिंदे. मूळच्या साताऱ्याच्याच. तोवर प्रेक्षक त्यांना ओळखत होते ते अभिनेत्री म्हणून.

(दृश्य : जनरेटर व्हॅन, वायरींची भेंडोळी, चहाची किटली)

निर्माता म्हणजे पैसेवाला, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो उधारीवर घर चालवणारा माणूस. मालिका बहुतेक वेळा वाहिनीच्या मालकीची असते. निर्मात्याच्या हाती एपिसोडमागे ठरलेली रक्कम, आणि तीही काही महिन्यांनी. तोवर युनिटचं जेवण, गाड्या, डिझेल, भाडी सगळं त्यानंच भागवायचं. आठवड्याला सहा एपिसोड, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं. तयार भागांची 'बँक' हाताशी नसेल आणि नायिका तापानं फणफणली, तर लेखकाला रातोरात तिला माहेरी धाडावं लागतं. मालिकांमधल्या कितीतरी सुना अशाच अचानक माहेरी गेल्या असतील!

त्यावर गुरुवारी येणारा टीआरपी, म्हणजे मालिका किती पाहिली गेली त्याचा आकडा. तो घसरला की वाहिनीतून फोन, आणि कथेचा ठरलेला ट्रॅक बदलतो.

मुंबईत, सेटवर, हे सगळं निदान आवाक्यात राहतं. गावात राहत नाही. पावसाळ्यात उजेडाचा भरवसा नसतो. गळीत हंगामात मोठ्यानं गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की अख्खा शॉट वाया. बघायला जमलेल्या पोरांना गप्प बसवणं हे तर वेगळंच काम. एवढं असून तिथं जायचं ठरवणं, हाच आमच्या मते या निर्मातीच्या कारकिर्दीतला मोठा जुगार.

(दृश्य : अपशिंगे, शहीद स्मारक)

हा जुगार लागला, कारण 'लागिरं'ची गोष्टच इथली होती. हे अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा जिल्ह्यात फौजेत जायचं वेड घेतलेला मालिकेतला अजिंक्य आणि त्याची शीतल कुणाला समजावून सांगावी लागली नाहीत. तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून पात्रं इथल्यासारखी बोलली. 'लय', 'व्हय' टीव्हीवर आले ते विनोदापुरते नव्हेत. आणि मालिकेतली आजी, जीजी! कमल ठोके, कराडच्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या या बाईंना महाराष्ट्रानं आजी करून टाकलं. २०२०च्या नोव्हेंबरात त्या गेल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्वेता शिंदे यांचीच 'देवमाणूस' आली. 'लागिरं'मधला भैय्यासाहेब, किरण गायकवाड, आता खुनी डॉक्टर झाला. पाठीमागं होतं २०१६ साली उघडकीला आलेलं वाई-धोमचं हत्याकांड. खरी माणसं मेलेल्या मुलुखात त्याचीच रोज रात्री करमणूक, हे आम्हाला आजही खटकतं. पण लोकांनी ती पाहिली, आणि दुसरा भागही आला.

(दृश्य : मोकळा सेट, झाकून ठेवलेले दिवे)

कोरोनाचे ते दिवस निर्मात्यांना हिशेबाच्या वहीपेक्षा जड गेले. श्वेता शिंदे यांचीच ही गोष्ट नव्हे. अलका कुबल यांची निर्मिती असलेल्या 'आई माझी काळूबाई'चं चित्रीकरण सातारा जिल्ह्यातच सुरू होतं. युनिटमधल्या अनेकांना लागण झाली. त्यात काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं २२ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनानं साताऱ्यात निधन झालं. कॅमेऱ्यापुढं शंभर माणसं उभी करायची, तर त्यांच्या जिवाची काळजीही निर्मात्याच्याच पदरात पडते. त्यासाठी वाहिनीच्या करारात वेगळा रकाना नसतो.

२०२२मध्ये श्वेता शिंदे यांनी 'अप्पी आमची कलेक्टर' आणली. यावेळी गावातल्या मुलीची धाव सरकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीकडं. मग २०२४ची 'लाखात एक आमचा दादा'. त्यात 'लागिरं'मधला फौजी, नितीश चव्हाण, चार बहिणींचा भाऊ झाला. बंदूक गेली, बहिणींच्या लग्नाची काळजी आली.