माळ घातल्यावरचे तीन दिवस

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी यंत्रमागांची खडखड सुरू होते. दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतायत. घरचा माणूस रात्री पिऊन आला, हे इथे सांगावं लागत नाही. शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू आलेलं असतं. मग तेलुगूत, मराठीत, हळू आवाजात एकच विचारणा होते: काही औषध आहे का गं?

'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात सगळ्यांनी वाचलेली असते. चहात, भाजीत पूड कालवायची. त्या पुडीत काय असतं, ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं औषध खरंच आहे, पण ते डॉक्टर तपासून आणि पेशंटला सांगूनच देतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून ताई, नकळत काहीही देऊ नका.

दुसरी वाट पंढरपूरची. आषाढीला माळ घातली, बाटली सुटली. त्या माळेबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कित्येक घरं तिनं सावरलीत. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर एका दिवसात थांबायला तयार नसतं. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी एखाद्याला भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, आणि देवऋषी शोधतात. हे बाहेरचं नाही. दारू तुटल्यानं मेंदूत उठलेलं वादळ आहे ते, आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे. देवऋषीकडे नको, रिक्षा थेट सिव्हिलला घ्या.

२०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला उपचार मिळतात. बाकीचे ३७ अशाच गल्ल्यांत आहेत.

विचारायला पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. फोन पिणाऱ्यानंच करावा असं नाही, बायको, आई, मुलगा कुणीही करावा. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायचं असेल तर आधी विचारा: नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, आम्हाला भेटू देणार का. 'आम्ही उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा' म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

आणि फोन लावण्याआधी विड्यांच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवा: रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, पूर्वी कधी फिट आली होती का. पलीकडचा माणूस हेच विचारणार आहे.