नियम गप्प बसतात तेव्हा

दादरमधील एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रविवारची जेवणे उरकली की त्याच टेबलावर चार पेन्सिली, एक खोडरबर आणि वीस बाजूंचा निळा फासा मांडला जातो. येथे पाच मित्र टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतात. चौघे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात आणि पाचवा, म्हणजे गेम मास्टर, उरलेले सारे जग सांभाळतो.

आता फाशाकडे पाहा. खेळ आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पात्राने तलवार उगारली आणि खेळाडूने फासा टाकला. पडले १४, त्यात पात्राच्या कौशल्याचे ५ मिळवून १९ झाले. राक्षसाचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, १७, म्हणून वार लागला. किती लागला, यासाठी पुन्हा वेगळा फासा. २०१४ च्या आवृत्तीत खेळाडूंचे पुस्तकच ३२० पानांचे आहे आणि त्यातील मोठा भाग लढाईने आणि मंत्रांनी व्यापलेला आहे. मात्र हेच पात्र पूल अडवून बसलेल्या राक्षसाशी गोड बोलून वाट मागू लागले, तर पुस्तकात फारसे काही सापडत नाही आणि निर्णय बहुतांशी गेम मास्टरवर येतो. खेळ मोकळा की नियमबद्ध, हे अनेकजण पुस्तकाच्या जाडीवरून ठरवतात. आमच्या मते, नियम कुठे बोलतात आणि कुठे गप्प बसतात, हे आधी पाहायला हवे.

हा प्रश्न या खेळांहूनही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात नकाशा, फासे, हानीचे तक्ते आणि एक पंच होता. पुढे तक्त्यांचे ओझे जाचक वाटू लागले आणि १८७६ मध्ये प्रशियाचेच सेनाधिकारी व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा आग्रह धरला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटात डेव्हिड वेसली यांनी आपल्या युद्धखेळात खेळाडूंच्या हाती सैन्याऐवजी गावातील एकेक माणूस दिला, आणि खेळाडू नियमांत नसलेल्या गोष्टी बेधडक करू लागले. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. दादरच्या या टेबलावर बसलेला पंच त्याच परंपरेतला आहे.

फासे आता डब्यात गेले आहेत आणि टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा उभा आहे. हा ‘ड्रेड’ नावाचा भयखेळ. पात्राला अवघड काही करायचे असेल, तर खेळाडूने मनोऱ्यातून एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. मनोरा कोसळला, तर ते पात्र कथेतून गेले. मुख्य नियम एवढाच, पण त्यात सवलत नाही. या तरुणीचे बोट पाहा. ठोकळा अर्धा बाहेर आला आहे, आणि कोणीही बोलत नाही.

नियमांवरील वादातून या गटातील आणखी दोघांनी पूर्वीच खेळणे सोडले.

उरलेले पाचजण आता मराठीतून खेळतात, आणि ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. दशावतारात आख्यान ठरलेले असते, लिखित संवाद नसतात. नट समोरच्याचे ऐकून जागीच उत्तर देतो. नियम जिथे गप्प बसतात, तिथे खेळाडूजवळही भाषाच उरते, आणि ती स्वतःची असेल तर जीभ अडखळत नाही. या टेबलावर आकडे इंग्रजीत मोजले जातात, पण घासाघीस मराठीत होते.

पुन्हा तोच पूल आणि तोच राक्षस. खेळाडू मालवणीत विनवतो, मग दरडावतो, मग राक्षसाच्या आईची चौकशी करतो. गेम मास्टर निळा फासा उचलतो, क्षणभर मुठीत धरतो आणि न टाकताच खाली ठेवतो.